सुट्टे

कोजागरीच्या आदल्या रात्री तामलवाडीत कुणी झोपायचं ठरवलं तरी रस्ता झोपू देत नाही. सोलापूरच्या रूपाभवानीला नमस्कार करून निघालेली माणसं उळे मागे टाकून इथं पोचतात, तेव्हा तुळजापूरची निम्मी वाट सरलेली असते आणि तळपायांना फोड आलेले असतात. एरवी ज्या महामार्गावर ट्रकच्या हवेनं म्हशी दचकतात, तिथं बायका कडेवर लेकरं घेऊन मधोमध चालतात. कडेला मांडव असतात. चहा, केळी, साबुदाण्याची खिचडी, पायाला तेल चोळून देणारी पोरं. तिकडं तुळजापुरात दसऱ्याच्या सीमोल्लंघनापासून देवी पलंगावर निजलेली असते, ती पौर्णिमेला पुन्हा सिंहासनावर बसते. म्हणजे जिच्यासाठी हे सगळं ती झोपेत, आणि रस्ता टक्क जागा.

माझ्या मामाचं घर रस्त्यालगत आहे. मामा एसटीत कंडक्टर होता, गेल्या वर्षी सेवानिवृत्त झाला. आई त्याच्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. पूर्वी ती सोलापूरपासून चालायची. आता गुडघ्यांमुळे तामलवाडीपासून पुढचंच चालते आणि म्हणते, देवीला निम्मं बी चालतंय. 2025 च्या कोजागरीला मी तिच्यासोबत होते. सप्टेंबरच्या शेवटी पावसानं अख्ख्या जिल्ह्याला झोडपलं होतं. परंडा, भूमकडं माणसं पाण्यातून काढावी लागली होती. मामाचं सोयाबीन वाहून गेलं नाही, पण उभ्या उभ्या सडलं. तरी माणसं चालतच होती. किंवा म्हणूनच चालत होती.

आम्ही अंगणात बाजेवर बसलो होतो. रस्त्याच्या पलीकडं निवाऱ्याच्या शेडमध्ये एक म्हातारा पोतं अंथरून बसला होता. तो यात्रेकरू नव्हता, हे त्याच्या बसण्यावरून कळत होतं. यात्रेकरू बसला की पाय लांब करतो. हा पाय पोटाशी घेऊन बसला होता.

आईनं बटव्यातून दहाचं नाणं काढून माझ्या हातात दिलं. "देऊन ये गं त्येला."

"कशाला?" मामा म्हणाला. "अक्का, आज त्याला दहा मांडवांत जेवायला मिळतंय."

"जेवायला मिळतंय. पैसे कुठल्या मांडवात वाटतेत?"

मी गेले. म्हाताऱ्यानं नाणं दिव्याकडं धरून पाहिलं आणि परत केलं. "चालत न्हाई." मग उपरण्याची गाठ सोडून दाखवली. आत दहाची बरीच नाणी होती. दुकानदार घेत नाहीत, म्हणाला. त्याच्या मराठीला कानडीचा हेल होता. मी नाणं तसंच परत आणलं.

मामाला हसू आवरेना. "बघ! भीकसुद्धा निवडून घेतात आता."

"तो काय करील? दुकानदार घेत न्हाई तर त्येनं ती नाणी चघळायची का?"

"रिझर्व्ह बँकेनं 2018 ला छापून सांगितलंय, चौदा नमुन्यांची नाणी आहेत, चौदाही चालतात. मी गाडीत रोज भांडायचो त्यावरून. ह्या नाण्यापायी प्रवासी उतरायला तयार व्हायचे, पण घ्यायला नाही."

"मग तू घेत व्हतास का?"

"मला घ्यावंच लागायचं. मी सरकारी माणूस."

खरं तर वादाचं कारण एवढंच होतं. पण आमच्या घरात हा वाद जुना आहे. आई मागणाऱ्याला कधी मोकळ्या हातानं पाठवत नाही आणि मामा कधी रुपया देत नाही. दोघंही त्याबाबत इतके ठाम, की दिवाळीला एकत्र तुळजापूरला गेलो तर महाद्वाराच्या रस्त्यावर मामा दहा पावलं पुढं चालतो. आईनं बटवा उघडलेला त्याला पाहवत नाही.

"मी स्टँडवर तीस वर्षं काढली," मामा म्हणाला. "सकाळच्या गाडीला एक बाई लेकरू कडेवर घेऊन यायची. लेकरू झोपलेलं. संध्याकाळी मी परत यायचो, लेकरू झोपलेलंच. एवढ्या कालव्यात, उन्हात, कुठलं लेकरू दिवसभर झोपतं? त्याला काहीतरी देत असणार. आणि ते लेकरू तिथं कशामुळं होतं? तुझ्यासारख्या बायका हातावर पैसे ठेवत होत्या म्हणून. मोकळ्या हातानं बाई मागायला आली असती तर कुणी दिले नसते."

आई लगेच बोलली नाही. मग म्हणाली, "लेकराच्या नावानं मागणाऱ्याला मी पैसा देत न्हाई. तुला ठावं हाय. समोर बसवून खाऊ घालते."

"आणि बाकीच्यांना?"

"बाकीचे मोठे हायत. पैशाचं काय करायचं ते त्येंचं त्येनी बघावं. तुझ्या पगाराचं तू काय करतोस, हे मी इचारलं का कधी?"

मुलाला भीक मागायला लावणाऱ्याला 2015 च्या बाल न्याय कायद्यात पाच वर्षांपर्यंत कैद आहे, आणि मूल दिसलं तर 1098 ला फोन करायचा, एवढं मी सांगितलं. मामानं मान हलवली. ह्या एका मुद्द्यावर तिघांचंही एकमत झालं, म्हणून तो तिथंच संपला.

"आणखी एक सांगतो," मामा म्हणाला. कंडक्टर माणूस, त्याला प्रत्येक गोष्ट सुट्ट्या पैशांवर आणायची सवय. "आम्हाला सुट्टे कोण द्यायचं माहितीय? बँक नाही. संध्याकाळी स्टँडवरचे मागणारे चिल्लर घेऊन यायचे. आम्ही नोट द्यायचो, ते चिल्लर द्यायचे. हॉटेलवाले पण त्यांच्याकडूनच घ्यायचे. कधी कधी त्यांची थैली माझ्या बॅगेपेक्षा जड असायची."

"म्हणजे ते श्रीमंत?"

"श्रीमंत नाही म्हणत. पण गणित बघ. जिथं मिळतं तिथं माणूस बसून राहतो. आपण देतो म्हणून तो तिथंच बसतो, आणि तो बसलाय म्हणून आपण देतो."

"थैली जड हुती ती चिल्लरनं. शंभराची चिल्लर शंभराच्या नोटंपेक्षा जडच असणार की. एवढं तरी कळायला पायजे कंडक्टरला."

पुण्यात सिग्नलला मी काय करते, असं कुणी विचारलं असतं तर मला सरळ उत्तर देता आलं नसतं. कधी देते, कधी मोबाईलकडं बघत बसते. आता सुट्टे नाहीत हे कारणही उरलं नाही, फोनवर पैसे पाठवता येतात. इथं गावाच्या टोलनाक्यावर तर मागणाऱ्याला थांबलेली गाडीच मिळत नाही. 2021 च्या फेब्रुवारीत फास्टॅग सक्तीचा झाला तेव्हापासून काच खाली करायचं कारण संपलं. रांग असायची तेव्हा शेंगा, काकडी, पेरू विकणाऱ्यांचा धंदा व्हायचा आणि त्यांच्या मागं हात पुढं करणारेही दोन-चार असायचे. ह्याचं वाईट वाटावं की बरं, हे मी अजून ठरवलेलं नाही.

मामाचं म्हणणं, ह्या लोकांना सरकारनं नेऊन ठेवावं, खायला-प्यायला घालावं, काम शिकवावं. कायदा आहेच की.

कायदा आहे, मुंबई भिक्षा प्रतिबंध अधिनियम, 1959. त्याची व्याख्या मी मामाला सांगितली. सार्वजनिक जागी मागणं म्हणजे भीक. गाऊन, नाचून, भविष्य सांगून मागणं म्हणजे भीक. मागण्यासाठी दुसऱ्याच्या घराच्या आवारात शिरणं म्हणजेही भीक. जखम किंवा व्यंग दाखवणं भीक. उपजीविकेचं साधन दिसत नसताना भटकत राहणं, तेही त्यातच. पोलीस वॉरंटशिवाय धरू शकतात. पहिल्यांदा एक ते तीन वर्षं भिक्षेकरी गृहात, वारंवार सापडला तर दहा वर्षांपर्यंत.

आई बराच वेळ विचार करत होती. "दुसऱ्याच्या घरात शिरणं म्हंजी... मंगळवारी-शुक्रवारी मी परडी घेऊन जाते, ते?"

अक्षर धरून वाचलं तर हो.

आईच्या परडीबद्दल सांगायला हवं. तिनं देवीची माळ घातलेली आहे. कवड्यांची माळ गळ्यात, हातात वेताची परडी, आणि मंगळवार-शुक्रवार पाच घरी जोगवा. दारात उभं राहायचं, आईच्या नावानं मागायचं. घरातली बाई पीठ घालते, कुणी ज्वारी, कुणी मीठ, हळदीकुंकू लावते. सोलापूरच्या आमच्या कॉलनीत वकिलाची बायको आहे, बँकेतली मॅनेजर आहे. त्यांच्या दारात आई पदर पसरून उभी राहते. मी शाळेत असताना मला त्याची लाज वाटायची. मैत्रिणीच्या घरावरून ती गेली नाही, तर मी मनातल्या मनात देवीचे आभार मानायची.

"मला न्हेऊन ठेवत्यात का मग?" आईनं विचारलं. ती हसत नव्हती.

"तुझी गोष्ट वेगळी," मामा घाईनं म्हणाला. "जोगवा म्हणजे भीक नव्हे. 'मी'पणा उतरवण्यासाठी मागायचं ते. तू घरी येतेस, तुझ्या घरात गॅस आहे, फ्रिज आहे. परडीतल्या पिठाची भाकरी देवीचा प्रसाद म्हणून खायची. पोटासाठी नव्हे. तो म्हातारा काय 'मी'पणा उतरवायला बसलाय तिथं?"

"त्येचा उतरलाय आधीच."

दिल्ली उच्च न्यायालयानं 8 ऑगस्ट 2018 ला ह्याच मुंबईच्या कायद्यातली मागण्याला गुन्हा ठरवणारी कलमं, दिल्लीत लागू होती तेवढ्यापुरती, मोडीत काढली. ज्याला सरकार पोट भरायचं साधन देऊ शकत नाही, त्याला मागितलं म्हणून गुन्हेगार कसं ठरवायचं, असा निकालाचा रोख होता. 2021 च्या जुलैत, कोरोनाच्या काळात, रस्त्यावरचे भिकारी हटवावेत अशी मागणी सर्वोच्च न्यायालयापुढं आली. न्यायमूर्ती चंद्रचूड यांच्या खंडपीठानं ती ऐकून घ्यायला नकार दिला. दुसऱ्या टोकाला इंदूर. तिथं 1 जानेवारी 2025 पासून भीक देणाऱ्यावरच गुन्हा. इंदूरचं ऐकून मामा खूश झाला आणि आईनं कपाळावर हात मारून घेतला. "देणाऱ्याला धरत्यात? आणि एवढे मांडव घातलेत, त्येंचं काय?"

भिक्षेकरी गृहांबद्दलही मी एक गोष्ट सांगितली. तिथं राहणाऱ्यांकडून काम करून घेतात, त्याचा मेहनताना असतो. तो महिन्याला पाच रुपये होता. दिवसाला नव्हे, महिन्याला. 2025 च्या एप्रिलमध्ये मंत्रिमंडळानं तो दिवसाला चाळीस रुपये केला.

"महिन्याला पाच?" मामानं दोनदा विचारलं. चहाचा कपही येत नाही त्यात, म्हणाला, आणि गप्प झाला.

इथं माझ्या डोक्यात एक वेगळाच विचार चालला होता. आपल्या भाषेत मागण्याला किती शब्द आहेत. भीक, भिक्षा, जोगवा, माधुकरी, शिधा. पुण्यात वार लावून जेवत आणि माधुकरी मागत शिकलेल्या पिढ्या होऊन गेल्या, त्यांना कुणी भिकारी म्हटलं नाही. रामदासांनी दासबोधात भिक्षेवर अख्खा समास लिहिला. हे शब्द वेगळे राहिले, कारण मागणारा कोण हे देणाऱ्याला माहीत असायचं. वासुदेव पहाटे यायचा, पोतराज आषाढात, डवरी गोसावी सुगीच्या दिवसांत खळ्यावर. आईला त्यांच्या बायकापोरांची खबर असायची. आता तेच लोक दुसऱ्या जिल्ह्यात गेले की नुसते अनोळखी. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात जी पाच माणसं मुलं पळवणारी टोळी समजून मारली गेली, ती नाथपंथी डवरी गोसावी होती, मागून खाण्यासाठी बाहेर पडलेली. बहुतेक आमच्या शेजारच्या मंगळवेढ्याकडची. ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून मारली. पिढ्यान् पिढ्या दारात येणाऱ्या माणसाला ओळखायचं विसरलं की काय होतं, ह्याचं ह्यापेक्षा वाईट उदाहरण मला माहीत नाही.

मामाला मी हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "म्हणूनच म्हणतो, ह्या लोकांना मागायची पाळीच यायला नको. वाटेल तसं फिरायचं आणि कुणाच्यातरी दयेवर जगायचं, हे किती दिवस? गाडगेबाबा बघ. कुणाच्या दारात भाकरी मागितली तर आधी अंगण झाडायचे. काम आधी, भाकरी मागनं."

"पर मागायचेच की," आई म्हणाली.

"झाडून!"

"झाडून. आणि अंगण झाडायला हात नसंल तर? त्येंच्या जेवणावळीत आंधळे-पांगळे पहिल्या पंगतीला बसायचे, आपल्या आज्जी सांगायच्या. त्येनी काय झाडून आलते?"

गाडगेबाबा दोघांच्याही बाजूनं साक्ष देतात, हे मला त्या रात्री कळलं.

पण मामाचा खरा मुद्दा अजून यायचा होता. तो बाजेवरून खाली उतरून ओट्यावर बसला, म्हणजे आता तो लांबणार.

"बहात्तरला काय झालं, आठव. आपलं सगळं गाव उन्हाळ्यात वाळून गेलं होतं. सरकारनं काय केलं? भीक वाटली का? काम काढलं. खडी फोडायची, नाला बंडिंग, पाझर तलाव. अण्णा खडी फोडायला जायचे. हाताला फडकं बांधून. संध्याकाळी मजुरी, आणि आपल्याला सुकडी. ती लाल मिलो ज्वारी, तिची भाकर चिरायची मधोमध. पण मागून नाही खाल्ली. कमावून खाल्ली. वि. स. पागे म्हणून माणूस होता तासगावकडचा, त्यानं आधी विसापूरला करून बघितलं होतं, मागेल त्याला काम. मग रोजगार हमीचा कायदा झाला 1977 ला. जगात नव्हता असा कायदा. आणि पैसे कुठून आले? 1975 ला व्यवसाय कर लावला, नोकरदाराच्या पगारातून. माझ्या स्लिपमध्ये दर महिन्याला दोनशे रुपये कापले जायचे, फेब्रुवारीत तीनशे. निवृत्त होईपर्यंत. कुणाला वाटलं असेल गेले पैसे. मला कधी वाटलं नाही. ते माझं दान. दिसत नाही, पाया पडून घ्यावं लागत नाही, आणि घेणाऱ्याला मान खाली घालावी लागत नाही."

हे बोलताना तो असा काही बोलला की आईसुद्धा ऐकत राहिली. मला वाटलं, जिंकला. व्यवसाय कराला दान म्हणणारा माणूस मला पहिल्यांदाच भेटत होता, आणि तो बरोबर होता.

"आता ह्या पुरात," मामा पुढं म्हणाला, "मदतीच्या पिशव्यांवर फोटो छापून वाटल्या लोकांनी. मला लाज वाटली. पंचनामा करा, नुकसान भरपाई द्या, तो माझा हक्क आहे. पिशवी नको. फोटो असलेली तर नकोच."

"हक्क कुणाचा असतो, आप्पा?"

"म्हणजे?"

"ज्येचं नाव सातबाऱ्यावर हाय त्येचा. तुझा पंचनामा झाला कारण तुझं नाव हाय. ह्या म्हाताऱ्याचं नाव कुठल्या कागदावर हाय?"

"तो पासष्टच्या वर असेल तर श्रावणबाळ आहे. महिन्याला दीड हजार. कमी असेल तर संजय गांधी निराधार, तिथंही दीड हजार. तहसीलला अर्ज करायचा."

"काय काय लागतं?"

मामानं बोटं मोजायला सुरुवात केली आणि प्रत्येक बोटागणिक त्याचा आवाज उतरत गेला. वयाचा दाखला. उत्पन्नाचा दाखला. महाराष्ट्रात पंधरा वर्षं राहत असल्याचा रहिवासी दाखला. आधार. आधारला जोडलेलं बँक खातं.

"त्येचं घर कुठं हाय?" आईनं विचारलं. "शेडमधी. शेडचा रहिवासी दाखला तलाठी देतो का?"

मामा काही बोलला नाही. 2011 च्या जनगणनेत देशभरात 4 लाख 13 हजारांवर भिकारी आणि भटके मोजले होते, त्यातले 24 हजारांवर महाराष्ट्रातले, एवढं मला माहीत होतं. ह्या आकड्यात तो म्हातारा होता की नाही, आणि मोजणाऱ्यानं नाव लिहिलं असेल तर गावाच्या रकान्यात काय भरलं असेल, हे विचारायला कुणी नव्हतं. मी गप्प राहिले.

"ते सगळं ठीक आहे," मामा शेवटी म्हणाला, "पण मला एवढंच म्हणायचंय, आपल्या घरानं कधी हात पसरला नाही. बहात्तरलासुद्धा नाही. म्हणून मला त्याची किंमत आहे. अण्णांच्या हाताची साल निघायची, पण..."

"आप्पा." आईनं त्याला थांबवलं.

रस्त्यावरून संबळ वाजवत एक जथ्था गेला. तो लांब जाईपर्यंत ती थांबली.

"तू सहा वर्षांचा व्हतास. अण्णा खडीला जायचे खरं, पर मजुरी कवाबी आठ-आठ, पंधरा-पंधरा दिवसांनी मिळायची. पगार झाला की दुकानदाराची उधारी. तवा आई परडी घ्यायची. माळ तिची व्हतीच. पैल्यांदा मंगळवार-शुक्रवार. मग रोज. पाच घरं न्हाई, जेवढी व्हतील तेवढी. आपल्या गावात न्हाई, सांगवीला, माळुंब्र्याला, कुणी वळखू नये म्हणून. मला संगं न्यायची. मी बारा वर्षांची. देवीचं गाणं म्हणायची, मी मागून म्हणायची. लोक मूठमूठ पीठ घालायचे. त्येंच्या घरात तरी कुठं व्हतं. एका म्हातारीनं तर परडीतलं पीठ बघितलं आणि म्हणाली, बाई, जोगवा पाच घरचा असतोय. आईनं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. ती म्हातारी मग आत गेली आणि आणखी एक मूठ घेऊन आली."

मामा तिच्याकडं बघत होता.

"तू खाल्लास त्यातली भाकर, सुकडीच्या बरूबर. आई म्हणायची, देवीचा प्रसाद हाय, इचारू नगंस. म्हणून तुला म्हणते. जोगवा काय आणि भीक काय, ज्येला मागावं लागतं त्येला फरक ठावं असतोय. देणाऱ्यानं ठरवायचा न्हाई त्यो."

मला हे माहीत नव्हतं. मामालाही नव्हतं, हे त्याच्या चेहऱ्यावरून कळलं. त्यानं विचारलं, "अण्णांना माहीत होतं?"

"त्येंनी बी तीच भाकर खाल्ली की."

मामा उठला, घरात गेला. आत दिवा लागला, पेटीचं झाकण वाजलं. बाहेर आला तो पायात चपला घालूनच आला आणि रस्ता ओलांडून शेडमध्ये गेला. आम्हाला इथून फक्त त्याची पाठ दिसत होती. तो म्हाताऱ्याशेजारी उकिडवा बसला. बराच वेळ बोलत होता. एकदा त्यानं हात वर करून दक्षिणेकडं दाखवलं. म्हाताऱ्यानंही तिकडंच दाखवलं.

परत आला तेव्हा त्याच्या ओंजळीत दहाची नाणी होती.

"काय केलंस?" आई म्हणाली.

"सुट्टे घेतले. नाणी त्याला चालत नव्हती, मला चालतात. दुकानदाराशी मी भांडेन."

"किती हायत?"

"असतील."

आईनं त्याच्या हातातून घेऊन बाजेवर रांगेत लावली. सतरा. तिनं पुन्हा मोजली. "आणि नोटा किती दिल्यास?"

मामानं उत्तर दिलं नाही. तीस वर्षं वेबिलला एक रुपयाचा फरक पडू न देणारा माणूस कोपऱ्यातल्या माठातून पाणी पीत उभा राहिला. मग म्हणाला, "इंडीकडचा आहे. आधार आहे म्हणतो, पण कर्नाटकातलं. पंधरा वर्षं महाराष्ट्रात, ते काय जमायचं नाही. तिकडं त्यांची वेगळी योजना असेल. उद्या कुणाला तरी विचारतो."

"उद्या पुनव हाय. कुणी हापिसात नसतंय."

"मंगळवारी विचारतो मग."

"मंगळवारी मी परडी घेऊन जाणार हाय, सोलापूरला असेन," आई म्हणाली आणि पायाला तेल चोळायला बसली. तिला पहाटे चारला निघायचं होतं.